एकवीस गुंठे

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात करंजखार या खाडीकाठच्या भातजमिनीच्या बांधाचं फुटलेलं तोंड बारा हातांवर आलं होतं. तीन उन्हाळे सतरा घरांची माणसं ते बुजवत होती. ओहोटी लागली की खाडीतला निळसर चिखल फावड्यानं कापायचा, त्याची विटेएवढी ढेकळं करायची आणि हातोहात पुढे सरकवायची. शेवटी उभा असायचा विलास. कमरेइतक्या गाळात उभा राहून तो एकेक ढेकूळ ओंजळीत घ्यायचा, बसवायचा आणि मुठीनं चेपायचा. त्याला बासष्टावं चालू होतं. डावा गुडघा वाकला की परत सरळ करायला त्याला हाताचा टेकू लागायचा. पण चिंबोऱ्यांनी, खाडीतल्या खेकड्यांनी, पोखरलेली जागा नुसत्या बोटानं ओळखणारा तो एकटाच उरला होता, म्हणून तोंडाशी तोच.

त्याच बांधावर, दीडशे पावलं पलीकडे, त्याची मुलगी उन्नती एक काळी पेटी उघडून बसली होती. पेटीत चार पात्यांचं ड्रोन होतं. सकाळपासून तिनं शेतांतून हिंडून पांढऱ्या पाट्या मांडल्या होत्या आणि प्रत्येक पाटीची जागा यंत्रावर नोंदली होती. उन्हानं जमीन तडकली होती. भेगांच्या कडांना मीठ फुटून आलं होतं, पायाखाली ते करकरायचं. पूर्वेला विरारच्या इमारती उन्हाच्या वाफेत हलल्यासारख्या दिसत होत्या.

ड्रोन वर गेलं तशा दोन टिटव्या त्याच्यामागे ओरडत उठल्या. ढेकळं देणारे हात थांबले.

"काय काय दिसतं गो त्येच्यातनं?" हरेश्वरनं विचारलं. हरेश्वरचं शेत विलासच्या शेताला लागूनच होतं. दोघं एका वर्षाचे, एकाच शाळेतून एकाच दिवशी पळालेले.

"सगळं दिसतं काका. आपल्या डोळ्याला दिसत नाही तो उजेडपण हा कॅमेरा पकडतो. पान जिवंत आहे का सुकलंय, कळतं."

"मग आमच्या जमिनीत मीठ किती राह्यलंय ता पन कळंल?"

"थोडंफार कळेल."

"तुझा बापूस जिभेवर माती ठेवून सांगतो," हरेश्वर म्हणाला आणि सगळे हसले. विलास हसला नाही. तो गाळात उभा राहून मान वर करून त्या घोंघावणाऱ्या ठिपक्याकडे बघत होता. आपली मुलगी ते चालवते, हे त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

उन्नतीची आठ वर्षं माण तालुक्याच्या माळांवर गेली होती. पुण्याच्या एका संस्थेत ती कोरडवाहू मुलखाचा अभ्यास करायची. सरकारी दप्तरात पडीक म्हणून लिहिलेले ते माळ पडीक नाहीत, त्यांच्यावर पवन्या आणि कुसळी गवत वाढतं, मेंढरं जगतात, चंडोल अंडी घालतात, हे तिनं उपग्रहाच्या आणि ड्रोनच्या चित्रांवरून दाखवलं होतं. तिथले धनगर तिला 'ताई' म्हणायचे आणि आपापल्या माळांची नावं सांगायचे. या वर्षी एका नियोजन कार्यालयानं संस्थेकडे काम दिलं होतं: वसईच्या खाडीकाठच्या खारट, कोरड्या पडलेल्या जमिनींचा नकाशा. घरचाच मुलूख म्हणून तिनं ते हौसेनं मागून घेतलं होतं.

संध्याकाळी ती पडवीत लॅपटॉप घेऊन बसली. जयवंती, तिची आई, बाजूला सुकट निवडत होती. विलास अंघोळ करून आला. कोपरांच्या घड्यांत चिखल तसाच होता.

"आपलं दिसतं काय?" त्यानं विचारलं.

उन्नतीनं फोटो मोठा केला. बांधाची रेघ, तिच्यावर माणसांची रांग, आणि रांगेच्या टोकाला पाण्यात अर्धा बुडालेला एक ठिपका.

"हा मी काय?"

"तूच रे बा."

"केवडासा दिसतो!" तो म्हणाला आणि जयवंतीला हाक मारून त्यानं तो ठिपका दाखवला. मग पडद्यावर बोट फिरवत आपले एकवीस गुंठे शोधले. खाडीला खेटून, उघाडीजवळ. उघाडी म्हणजे आतलं पाणी ओहोटीला बाहेर सोडायची लाकडी झडप.

दुसरं चित्र तिनं त्याला दाखवलं नाही. त्यात फोटो नव्हता, नुसते रंग होते. खारफुटी हिरवी, शेती पिवळी, पडीक तपकिरी. तीन वर्षांच्या उपग्रहाच्या चित्रांत जिथे एकदाही पीक दिसलं नव्हतं, ती जागा यंत्रानं तपकिरी केली होती. बांध फुटल्यापासून करंजखारला पीक नव्हतंच. सगळं खार तपकिरी झालं होतं, त्यात ते एकवीस गुंठेही.

जेवणं झाल्यावर ती पुन्हा त्या चित्राशी बसली. यंदाच्या पावसाचं गोडं पाणी आत कोंडायचं, मीठ धुऊन काढायचं आणि पुढल्या वर्षी पेरायचं, हे तिला माहीत होतं. लहानपणापासून ऐकलेलंच होतं ते. पण तिच्या पद्धतीत चालू असलेल्या बांधाला रंग नव्हता. तपकिरीचा पिवळा करायला दोन बोटांचं काम. आपल्या बापाचं शेत आहे म्हणून आपण रंग बदलायचा? मग बाकीच्या गावांतल्या शेतांचं काय, तिथे तर आपण एकदाच गेलो. तिनं रंग होता तसा ठेवला. आपण सचोटीनं वागलो असंच तिला तेव्हा वाटलं, आणि त्या रात्री तिला झोपही चांगली लागली.

जूनच्या पहिल्या आठवड्यात बांधाचं तोंड मिटलं. त्याच आठवड्यात उन्नतीनं अहवाल पाठवला.

*

जुलैच्या सुरुवातीला नोटीस आली. तीन वर्षं पीक नसलेली खारजमीन पडीक समजून मालाच्या गोदामांसाठी घ्यायची, कुणाची हरकत असेल तर मंगळवारी अकराला हजर राहावं. जमीन सरकारी, सतरा घरांची नावं फक्त कसणारे म्हणून. पीक नाही तर नाव नाही.

उन्नती तेव्हा माणात होती. तिला कुणी फोन केला नाही; अहवालाशी तिचा संबंध आहे हे गावात ठाऊकच नव्हतं. विलास आणि हरेश्वर कार्यालयात गेले. आदल्या रात्री धुतलेले सदरे पावसामुळे नीट सुकले नव्हते. एक वाजेपर्यंत बाकावर बसवलं. मग आत बोलावलं. टेबलापलीकडे परेश नावाचा तरुण सर्वेक्षक होता. आवाज मऊ, बोलणं मुंबईचं. त्यानं भिंतीवर नकाशा लावला होता.

विलासला इंग्रजी येत नव्हतं. पण बांधाची रेघ त्यानं ओळखली, उघाडी ओळखली, आणि तिला लागून असलेला आपला तुकडाही. तो तपकिरी होता.

"हा रंग कसला?" हरेश्वरनं विचारलं.

"पडीक, काका. म्हणजे वापरात नाही."

"वापरात नाय? अरे तीन उन्हाळे आमी चिखल वाहतो हाव तिथं! तुमचा मानूस आला होता काय बगायला? कोन आला होता, नाव सांग."

परेशनं अहवाल उलटला. पहिल्या पानावरचं नाव त्यानं मोठ्यानं वाचलं, पूर्ण, बापाच्या नावासकट. वाचून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं. त्यानं समोरच्या हजेरीच्या कागदावर पाहिलं.

"तुम्ही... या मॅडम तुमच्या कोण?"

"पोरगी माझी," विलास म्हणाला.

हरेश्वर विलासकडे बघत राहिला. विलासनं हात जोडले. कुणाला, ते त्याचं त्यालाही कळलं नसेल.

परेशला वाईट वाटलं असावं. तो म्हणाला, "काका, ऑक्टोबरात आमची जागेवर पाहणी आहे. तेव्हा पीक उभं दिसलं तर त्या त्या माणसाचं नाव ताब्यात घ्यायच्या जमिनींच्या यादीतून निघेल. तेवढं माझ्या हातात आहे."

"पेरायचं तर पुढल्या साली होतं. मीठ धुतलं नाय आजून."

"पुढच्या वर्षी यादी पक्की झालेली असेल."

येताना दोघं एकाच रिक्षात बसले. फुलपाड्यापाशी रस्त्यात पाणी भरलं होतं, रिक्षा अडकून पडली. हरेश्वर उतरला, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि एकटाच चालत पुढे निघून गेला.

*

उन्नती दुसऱ्या दिवशी आली. जयवंतीनं फोनवर एवढंच सांगितलं होतं, "बापूस जेवत नाय. तू ये."

विलास पडवीत फावड्याला नवा दांडा बसवत होता. तिनं नोटीस वाचली. खाली आपल्या अहवालाचं नाव वाचलं. ती त्याच्यासमोर जमिनीवर बसली.

"बा, मला माहीत होतं. तो रंग मी बघितला होता."

"मंग?"

"घरचं शेत म्हणून बदलला असता तर खोटं झालं असतं."

विलासनं पाचर ठोकली. "आनि ठेवला ता खरं झालं?"

तिनं नोटीस घडी घालून बाजूला ठेवली.

"तुला ठाव होता बांध चाललाय. तू तिथंच उभी होतीस. फोटूत मना दाखवलंस, हा तू बा म्हनून." दांडा हलतो का ते त्यानं पाहिलं. "लिवायला जागा नव्हती काय?"

"नव्हती," ती म्हणाली. "रंग तीनच होते."

"कुनी ठरवले तीन?"

"मीच."

तो फावडं घेऊन उठला आणि गुडघा सरळ होईपर्यंत खांबाला धरून उभा राहिला.

पेरायचं ठरलं, दुसरा उपायच नव्हता. प्रश्न बियाण्याचा होता. मिठात तगणारा जुना लाल भात बाजारात मिळत नव्हता. तीन वर्षं कुणी तो पेरला नव्हता, आणि तीन वर्षांचं बी उगवत नाही. सतरा घरांतले पुरुष विलासच्या अंगणात त्यावर बोलत बसले होते; उन्नतीकडे कुणी पाहत नव्हतं. तेवढ्यात जयवंती आतून दोन मडकी घेऊन आली. तोंडाला फडकं बांधलेली.

"हा गेल्या दिवाळीचा हाय," ती म्हणाली.

"कुठला? पिकला कुठं?" हरेश्वरनं विचारलं.

"आमच्या वरच्या कोपऱ्यात. तिथं खारं पानी चढत नाय. त्यातली दोन चटया अंथरल्या तर झाकंल एवडीच जागा. दर साली टाकते, बी मरू नये म्हनून."

विलाससुद्धा तिच्याकडे बघत राहिला. ती त्या कोपऱ्यात भाजी लावते असंच तो समजत होता. उन्नतीच्या मनात मात्र हिशेब झाला. उपग्रहाचा एक चौकोन दहा मीटरांचा. त्याहून लहान काही त्याला दिसत नाही. म्हणजे ज्या तीन वर्षांत करंजखारला पीक नाही असं ती लिहीत होती, त्या तीनही वर्षी तिथे पीक होतं.

दोन मडक्यांत सगळं खार पेरून होणार नव्हतं. जयवंतीच्या माहेरी, खाडीच्या पलीकडे, आणखी तीन-चार गोण्या निघाल्या. भात भिजवलं, गोणपाटात दाबून ठेवलं. दोन दिवसांनी पांढरे मोड आले. शेतात पावसाचं पाणी दोनदा कोंडून दोनदा सोडलं होतं. विलासनं चिमूटभर चिखल जिभेवर ठेवला, थुंकला. "अर्धाच धुतलाय," तो म्हणाला. "टाका. आथा काय."

गुडघाभर चिखलात रांगेनं उभं राहून त्यांनी मोड आलेलं भात फेकलं. उन्नतीही फेकत होती. तिचा हात चुकत होता. मुठीतून एका जागी जास्त पडत होतं. शेजारच्या शेतातून हरेश्वरची सून सारखी बघत होती, पण असं धर, तसं फेक, असं कुणी सांगितलं नाही. दुपारी भाकरी खायला सगळे बांधावर बसले तेव्हा तिच्या दोन्ही बाजूंना जागा मोकळी होती. जयवंती येऊन एका बाजूला बसली.

त्या आठवड्यात उन्नतीनं कार्यालयाला पत्र लिहिलं. मे महिन्यात एकदाच केलेल्या उड्डाणावरून आणि तीन वर्षांच्या चित्रांवरून बांधदुरुस्ती चाललेली जमीन पडीक ठरवली, ही माझी चूक आहे. हे वर्गीकरण मी मागे घेते. त्याची प्रत तिनं संस्थेत पाठवली. तिच्या वरिष्ठांचा फोन आला.

"आकडे चुकलेले नाहीत, उन्नती. मी स्वतः तपासलेत."

"हो सर. आकडे बरोबर आहेत. शब्द चुकलाय."

"आणि तो तुझ्या वडिलांच्या जमिनीवरच चुकला. हे कसं दिसतं, कळतंय तुला?"

"कळतंय. म्हणूनच मे महिन्यात गप्प बसले होते."

या प्रकल्पातून तिला बाजूला केलं गेलं. ड्रोनची पेटी परत मागवली. ती तिनं विरारहून कुरिअरनं पाठवली. कार्यालयाकडून पत्राला उत्तर आलं नाही. ती बिनपगारी रजा टाकून घरीच राहिली.

*

ऑगस्टअखेर खार हिरवं दिसायला लागलं. सगळीकडे नाही. जिथे मीठ जास्त होतं तिथे टक्कल पडलं होतं, पानांची टोकं जळाल्यासारखी पिवळी होती. तरी बांधावर उभं राहिलं की वाऱ्यानं एका बाजूला झुकणारं भात दिसायचं. माणसांचं चालणं बदललं. हरेश्वर शेतावर जाता-येता विलासशी दोन शब्द बोलायला लागला. उन्नती समोर असली तर मात्र तिच्या अंगावरून नजर पलीकडे न्यायचा.

सप्टेंबरच्या पौर्णिमेला मोठं उधाण होतं. तीन दिवस पाऊस थांबला नव्हता आणि वारा पश्चिमेचा. भरती दुपारी साडेबाराला पुरी व्हायची होती. अकरापासूनच माणसं बांधावर होती. खाडीचं पाणी बांधाच्या माथ्याखाली वीतभर येऊन ठेपलं होतं, तपकिरी, फेसाळ, प्लास्टिकच्या पिशव्या अंगावर घेऊन.

विलास बांधाच्या आतल्या अंगानं हातानं चाचपत चालला होता. आपल्या शेतापाशी येऊन तो थांबला. बांधाच्या पायथ्याशी अंगठ्याएवढ्या भोकातून पाणी येत होतं. गढूळ पाणी, म्हणजे माती सुटत होती. त्यानं ढेकूळ दाबलं. दोन हातांवर दुसरं भोक फुटलं. हरेश्वरनं गोणी टाकली, ती हलली. जूनमध्ये बुजवलेलं तोंड ते हेच. नवी माती अजून धरली नव्हती.

"लाकडं आना!" कुणीतरी ओरडलं.

विलास उभा राहिला. वर पाणी, खाली पाणी. त्यानं एकदा मागे पाहिलं. त्याच्या शेताच्या आणि बाकीच्या खाराच्या मध्ये एक जुना आतला बांध होता, कमरेपेक्षा कमी, गवत चढलेला.

"हा जानार," तो म्हणाला. "हा सोडा. आतला धरा."

"आरे पन तुझं शेत..."

"येळ नाय हरेश्वर! आतला हातभर उचला. माती हितनंच घ्या."

"हितनं म्हंजे?"

विलासनं फावडं उचललं आणि आपल्या उभ्या भातात घातलं. मुळांसकट हिरवं ढेकूळ उपटून निघालं. ते त्यानं आतल्या बांधावर टाकलं. "घ्या!" तो ओरडला. कुणी हललं नाही. मग उन्नती पुढे झाली. तिनं दोन्ही हातांनी भाताची धाटं धरून ढेकूळ कापलं, उचललं, नेऊन टाकलं. परत आली, दुसरं कापलं. जयवंती तिच्या शेजारी आली. मग सगळेच उतरले.

अर्धा तास भातासकट माती निघत होती आणि बांधावर चढत होती. लोंब्या नुकत्या धरायला लागल्या होत्या. दुधाळ दाणे पायाखाली फुटत होते. विलासचा गुडघा वाकून राहिला तेव्हा तो बसूनच चेपायला लागला. सव्वाबाराच्या सुमाराला बाहेरचा बांध फुटला. मोठा आवाज झाला नाही. माती आत बसली आणि पाणी सरळ चालत आल्यासारखं आलं. वरचा कोपरा सोडला तर शेत भरायला थोडाच वेळ लागला. पाणी आतल्या बांधाला येऊन भिडलं, हिरव्या ढेकळांवरून दोन बोटं चढलं आणि थांबलं.

एक वाजता ते उतरायला लागलं.

विलास बांधावर पाय पसरून बसला होता. तोंडावर चिखल आणि पाऊस. हरेश्वर त्याच्याजवळ आला आणि त्याच्या शेजारी चिखलात बसला. समोर सोळा घरांचं भात उभं होतं.

*

पाहणी ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात झाली. परेश बूट हातात घेऊन बांधावरून चालत होता, सोबत एक शिपाई आणि नकाशाची प्रत. एकेका शेतापाशी थांबून तो फोटो काढायचा, खूण करायचा आणि कसणाऱ्याची सही घ्यायचा. पिकलेल्या भाताचा वास येत होता. सोळा सह्या झाल्या. सगळे त्याच्यामागून चालत विलासच्या शेतापाशी आले.

तिथे ओहोटीचं पाणी डबक्यांतून साचलं होतं. मेलेली काळी धाटं, त्यांत निवट्या मासोळ्या उड्या मारत होत्या. वरच्या कोपऱ्यात तेवढा एक लालसर पट्टा उभा होता.

परेशला काय झालं ते वाटेत कळलं होतं. तो हळू आवाजात म्हणाला, "काका, कडेला आहे थोडं. मी पूर्ण पीक लिहितो. कोण बघायला येतंय."

विलासनं उन्नतीकडे पाहिलं नाही. "नको," तो म्हणाला.

"अहो, मी लिहितो ना."

"जे नाय ता लिवू नका. एकदा लिवलेलं पुरे झालं."

उन्नती पुढे आली. "लिहू नका," ती परेशला म्हणाली. "मोजा."

"मॅडम, फॉर्ममध्ये दोनच आहेत. पीक आहे, पीक नाही."

"मोजा तरी. टेप आहे ना?"

टेपचं एक टोक तिनं धरलं, दुसरं शिपायानं. ती कोपऱ्यातल्या भाताच्या कडेनं चिखलातून फिरली, प्रत्येक वळणाला थांबली, आकडे परेशनं लिहिले. तीन गुंठे. बाकी अठरा.

"आता अठरांपुढे लिहा," ती म्हणाली. "बाहेरचा बांध फुटला, बाकीचं खार वाचवायला माती याच शेतातून काढली. तारीख घाला."

"त्याला रकाना नाहीये."

"समासात लिहा."

परेशनं समासात लिहिलं. अक्षर बारीक, दोन ओळींत, कागदाच्या कडेला दाटीनं. मग कागद विलासपुढे धरला. विलासनं ते वाचून घेतलं. सावकाश, ओठ हलवत. मग सही केली.

परेश गेल्यावर तो उन्नतीला म्हणाला, "कापनीला राहतेस ना?"

"राहते."

"राह्य."

आपल्या तीन गुंठ्यांचं भात त्यांनी एका सकाळीत कापलं. मग हरेश्वरच्या शेतावर गेले. हरेश्वरच्या सुनेनं उन्नतीच्या हातात विळा दिला आणि म्हणाली, "खालून कापा, ताई. वरून कापलं की धाट फुकट जातं."

*

जानेवारीत पक्की यादी लागली. सोळा नावं तिच्यातून निघाली होती. विलासच्या नावापुढे तीन गुंठे वगळले होते. अठरा गुंठे पडीक म्हणून कायम. समासातल्या दोन ओळी छापील यादीत नव्हत्या. उन्नतीनं पुन्हा अर्ज केला, त्याची पोच मिळाली. तिची रजा संपली होती. संस्थेनं तिला काढलं नव्हतं, पण आता तिच्याकडे दुसऱ्यांचे नकाशे तपासायचं काम होतं. निघायच्या दिवशी सकाळी ती बापाबरोबर शेतावर गेली.

विलासनं चार खुंट्या आणि सुंभाची दोरी आणली होती. तीन गुंठ्यांभोवती गुडघाभर उंचीचा नवा बांध घालायचा, एवढाच त्याचा विचार. कोपऱ्यापासून मोजून त्यानं खुंटी ठोकली, उन्नतीनं दोरी ताणून धरली. पलीकडे फुटक्या बांधातून भरतीचं पाणी अठरा गुंठ्यांत येत होतं.

हरेश्वर बांधावरून आला. खांद्यावर फावडं होतं. त्याच्यामागे त्याची सून, आणि तिच्यामागे आणखी बारा-पंधरा माणसं घमेली घेऊन. कुणी बोलावलं नव्हतं. हरेश्वरनं दोरीकडे पाहिलं.

"हा काय?"

"आपल्या तीन गुंठ्यांना," विलास म्हणाला. "बाकी यादीत गेलं."

हरेश्वरनं खाली वाकून खुंटी हलवली, उपटली. ती हातात घेऊन तो पाण्यात उतरला. घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत. पार खाडीच्या अंगाला, जिथून बाहेरचा बांध वाहून गेला होता, तिथे जाऊन थांबला. खुंटी तिथे रोवली आणि फावड्याच्या पाठीनं ठोकायला लागला.

"उन्नती," तो मागे न बघता ओरडला, "दोरी आन हिकडं."

उन्नती दोरी घेऊन पाण्यात उतरली.